तारा दारी येण्यापूर्वी

२०२४ सालच्या १ नोव्हेंबरची सकाळ होती. सर्व संतांच्या सणाच्या मिस्सेला निघण्याची आमची लगबग चालली होती. शेजारच्या ओट्यांवर आदल्या रात्रीच्या दिवाळीच्या पणत्या तेल संपून काजळल्या होत्या, आणि रामनगरात राज्योत्सवाच्या झेंडावंदनाची तयारी सुरू झाली होती. इतक्यात कॅनडात टोरोंटो येथे राहणाऱ्या आमच्या कन्येचा फोन आला. आमच्याकडे साडेसहा वाजले होते. त्यांच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ.

फोनवर प्रथम आला तो आमचा सात वर्षांचा नातू. “आजोबा, आज आमच्या दारात चाळीस मुलं येऊन गेली! मी मोजली!” तिकडे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी हॅलोवीन असते. मुले नाना सोंगे घेऊन घरोघर फिरतात, आणि घरची माणसे त्यांच्या पिशवीत खाऊ घालतात. मग आमच्या कन्येने सारी हकिकत सांगितली. दुपारपासून ती घर आवरीत होती म्हणे. पायऱ्यांवरचा ओला पालापाचोळा झाडला, वाटेत पडलेली सायकल व बागेची पाण्याची नळी उचलली, दारावरचा दिवा लावला, कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवला, आणि कुत्र्याला आतल्या खोलीत बंद केले. ज्या घराचा दिवा लागलेला असेल त्याच घरी मुलांनी जावे, असा तिकडचा संकेत आहे.

नातवाने पुन्हा फोन घेतला. “आजोबा, तुमच्याकडे अशी मुलं येतात का?”

“येतात तर. नाताळाच्या आधी येतात. पण ती खाऊ मागायला येत नाहीत, बाळा. ती गायला येतात.”

“मग तुम्ही पायऱ्या झाडता? कुत्र्याला आत ठेवता?”

लेकराने सहज विचारले. परंतु आमच्या तोंडून चटकन उत्तर निघेना. सहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न आम्हांस कोणी विचारला असता, तर एका घरावरचे मोठे संकट टळले असते. ती गोष्ट आम्ही आजवर लिहिली नव्हती. यंदा लिहावी असे वाटले, कारण डिसेंबर आला की आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारी मुले येणार आहेत.

प्रथम हॅलोवीनविषयी दोन शब्द. हे नाव पुष्कळांस परके वाटते, आणि भुताखेतांचे मुखवटे पाहून कित्येक भाविकांच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या’ एवढाच आहे. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोमच्या संत पेत्राच्या मंदिरात सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनागृह अर्पण केले. पुढे पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळी, ८३५ च्या सुमारास, १ नोव्हेंबरचा हा सण दूरवर पसरला. फ्रान्समधील क्लूनी मठाचे अधिपती संत ओदिलो यांनी इ. स. १००० च्या आसपास २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस आपल्या मठांत पाळण्यास आरंभ केला. जुन्या इंग्लंडात या दिवसांत गोरगरीब व मुले दारोदार जात. घरधनीण त्यांच्या हाती एक लहानशी गोड पोळी ठेवी, आणि मुले त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. आयर्लंडात सलगम कोरून त्यात दिवा लावीत. तेथील माणसे समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली तेव्हा त्यांस तिथे भोपळा मिळाला. सारांश, रात्री दार ठोठावणारे मूल आणि दार उघडणारे घर ही रीत फार जुनी आहे, आणि ती आपल्यालाही अनोळखी नाही. शिमग्यात आपल्याकडे खेळे दारोदार येतात. गोव्यात व मुंबईच्या काही भागांत ३१ डिसेंबरला मुले सरत्या वर्षाचा म्हातारा करून पैसे गोळा करतात. आणि आपल्या नाताळगीतांचा तारा तर घरोघर जातोच.

आता दुसरी गोष्ट, जी आमच्या मुख्य विषयाला धरून आहे. अमेरिकेत कित्येक वर्षे आईबापांच्या मनात एक भय घर करून होते, की कोणी अनोळखी माणूस मुलांच्या खाऊत विष किंवा पाते घालील. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्यांचा माग काढला. दारी आलेल्या मुलास अनोळखी माणसाने विष देऊन मारल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांस सापडले नाही. १९७४ साली टेक्सासात एक मुलगा विषारी मिठाईने दगावला खरा, परंतु ते विष त्याच्या सख्ख्या बापानेच घातले होते. उलट १९७५ ते २०१६ पर्यंतच्या रस्ते-अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूंचा धोका आठवडाभर आधीच्या व नंतरच्या संध्याकाळांपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. म्हणजे माणसे भ्याली ती परक्याच्या दुष्टपणाला, आणि मुलांचा घात झाला तो अंधारातल्या रस्त्यावर. धोका बहुधा वाईट माणसाच्या घरात नसतो. चांगल्या माणसाच्या गाफीलपणात असतो. हे वाक्य आम्ही पुस्तकातून उचललेले नाही. आमच्याच अंगणात आम्ही ते शिकलो.

आमचा जोयडा तालुका म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीवर गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, सुपे गाव जलाशयाखाली गेले, आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले. धरणाने उठविलेल्या कुटुंबांपैकी कित्येक रामनगरास वसली. त्यांतलेच एक आमचे. आमचे घर बेळगावहून अनमोड घाटाने गोव्यास जाणाऱ्या महामार्गापासून थोडे आत, उतारावर आहे. फाटकापासून ओट्यापर्यंत चाळीसेक पावलांची वाट, तिच्या एका बाजूस विहीर, दुसऱ्या बाजूस गोठा आणि पेंढ्याची उडवी. पलीकडे रान. काळी व्याघ्र प्रकल्प असे ज्याला २०१५ पासून म्हणतात, ते अरण्य आमच्या तालुक्यात दूरवर पसरले आहे. वाघ-बिबट्यांचे दर्शन रोज होते असे नाही. परंतु गवा, अस्वल व साप हे आमचे शेजारी आहेत, आणि भाताच्या दिवसांत हत्तीही कधी कधी येऊन जातात.

अशा मुलखात डिसेंबरच्या मध्यापासून नाताळगीतांची पथके निघतात. बांबूच्या कामट्यांचा आणि रंगीत कागदांचा तारा, त्यात दिवा, एखादे घुमट, एखादी गिटार, आणि कापसाची दाढी लावलेला एक नाताळबाबा. गीते कोंकणीत असतात, मराठीत असतात, कानडीतही असतात. पथक ख्रिस्ती घरी थांबते तसे शेजारच्या मराठ्यांच्या व कुणबी बांधवांच्या अंगणातही थांबते. गाणे झाले की नेवऱ्या, दोदोल, कुलकुले पुढे येतात, आणि डब्यात जे पैसे पडतात ते बहुधा एखाद्या आजारी किंवा अडल्यानडल्याच्या घरी जातात.

२०१८ साली, १९ डिसेंबरच्या रात्री, असेच पंधरा-सोळा मुलांचे पथक आमच्याकडे आले. आम्ही उभयतांनी ताटे भरून ठेवली होती, ओटा सारवला होता, गव्हाण मांडली होती. पाहुण्यांसाठी सर्व सिद्धता झाली असे आम्हांस वाटत होते. फाटकाजवळचा दिवा दोन दिवसांपूर्वी गेला होता. तो उद्या बदलू म्हणून राहिला. आमचा कुत्रा मोती गोठ्याच्या खांबाला बांधलेला होता. परंतु त्याची दोरी लांब होती, इतकी की वाटेच्या मध्यापर्यंत तो सहज येई. आम्ही त्या वाटेने दिवसातून वीस वेळा जात होतो, आणि मोती आम्हांस पाहून शेपूट हालवी. त्यामुळे ही दोरी लांब आहे हे आम्हांस कधी दिसलेच नाही.

मुले गात गात वर आली. त्यांत सर्वांत मागे एक आठ वर्षांची मुलगी होती. तिच्या चपलेचा अंगठा सुटला म्हणून ती अंधारात क्षणभर वाकली. घुमटाच्या आवाजाने आणि ताऱ्याच्या उजेडाने मोती आधीच बिथरला होता. त्याने तिच्या पोटरीस दात लावले. ती ओरडली असेल, तर गाण्यात ते कोणास ऐकू आले नाही. ओट्यावर आली तेव्हा ती इतरांबरोबर गात होती. आमच्या पत्नीने तिच्या हातावर नेवरी ठेवली. तिने ती खाल्ली नाही. मुठीत धरून राहिली. लाजते आहे असे समजून आम्ही हसलो. हे आठवले की आजही आम्हांस आमच्या त्या हसण्याची लाज वाटते.

दोन दिवसांनी, २१ तारखेस सकाळी, तिची आई आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आंघोळ घालताना तिला त्या खुणा दिसल्या होत्या. दाताच्या दोन खुणा, भोवती सूज, आणि वर मुलीनेच गुपचूप लावलेली हळद. ती बाई आमच्यावर रागावली असती, तर आम्हांस बरे वाटले असते. ती रागावली नाही. हळू आवाजात एवढेच म्हणाली, “काका, एक विचारते, राग मानू नका. मोतीला लस टोचली होती का?”

लस टोचली नव्हती. दोन वर्षे ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत राहून गेली होती. अंगणात उभे राहून एका आईला ‘नाही’ म्हणताना माणसाची मान किती खाली जाते, ते तिथे आम्हांस कळले.

या रोगाविषयी जे प्रत्येक घरी ठाऊक असावे, ते आम्हांस त्या दिवशी कळले. पिसाळण्याची लक्षणे एकदा प्रकट झाली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. परंतु ती प्रकट होण्यापूर्वी उपचार झाले, तर रोग हमखास टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात जेवढी माणसे मरतात, त्यांतली सुमारे एकतृतीयांश भारतात मरतात, आणि त्यांत मुलांचा वाटा मोठा असतो. फ्रान्समध्ये ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी आपली लस प्रथम ज्याला दिली, तो जोसेफ मेस्टर हाही नऊ वर्षांचा मुलगाच होता. चावल्याबरोबर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुणे हा पहिला उपाय. हळद, चुना, मिरची लावणे हा उपाय नव्हे. उशीर झाला असला तरी धुवावे, आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

आम्ही तिला घेऊन त्याच सकाळी सरकारी दवाखान्यात गेलो, आणि तेथून बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात. जखमेतून रक्त आले होते, म्हणून जखमेच्या आत व भोवती तयार प्रतिद्रव्याचे औषधही टोचावे लागले. लसीचे पहिले टोचणे त्याच दिवशी झाले, दुसरे २४ डिसेंबरला, तिसरे २८ ला, आणि शेवटचे १८ जानेवारीला. बसमधून परत येताना आम्ही तिला विचारले, “बाय, त्याच रात्री का गं सांगितलं नाहीस?”

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “आजी सांगते, कुत्रा चावला की पोटात चौदा सुया टोचतात.” ती जुनी लस आपल्या देशात २००५ पर्यंत बंद झाली होती. आता दंडात टोचतात, आणि तीही थोडीच. पण आजीचे भय नातीच्या पोटात शिल्लक होते. थोड्या वेळाने तिने पुढचे सांगितले. “आणि मी सांगितलं असतं, तर गाणं थांबलं असतं. आणि तुम्ही मोतीला मारलं असतं.”

आठ वर्षांच्या लेकराने आमच्या घरचा आनंद व आमच्या कुत्र्याचा जीव या दोन्हींसाठी आपला जीव पणास लावला होता. आम्ही मात्र एक दिवा बदलण्याचे व एक दोरी आखूड करण्याचे कष्टही घेतले नव्हते.

डॉक्टरांनी मोतीला दहा दिवस डोळ्यांखाली ठेवण्यास सांगितले. चावताना कुत्र्याच्या लाळेत हा रोग असेल, तर तो कुत्रा साधारणतः दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतो. त्याने नेहमीप्रमाणे खाल्ले-प्याले आणि तो जगला, तर चिंता मिटते. परंतु तोवर मुलीची लस थांबवायची नाही. त्या वर्षीचा नाताळ आम्ही असा काढला की रोज पहाटे उठून प्रथम मोतीपुढे पाणी ठेवायचे आणि तो ते पितो की नाही हे पाहत उभे राहायचे. मध्यरात्रीच्या मिस्सेत सर्वजण गव्हाणीपाशी गुडघे टेकीत होते, तेव्हा आमच्या मनात गोठ्यातल्या त्या वाडग्याशिवाय दुसरे काही नव्हते. २९ डिसेंबरला सकाळी मोतीने वाडगा चाटून पुसून ठेवला. आमच्या पत्नीने तिथेच, शेणाच्या जमिनीवर, क्रुसाची खूण केली आणि ती रडली.

मुलगी सुखरूप राहिली, हे देवाचे उपकार. परंतु गोष्ट इथे संपली नाही. पुढच्या वर्षी, २०१९ च्या डिसेंबरात, तारा आमच्या फाटकापर्यंत आला, क्षणभर थबकला, आणि पुढे गेला. कोणी काही बोलले नाही. कोणी आम्हांस दोष दिला नाही. आईबापांनी फक्त मुलांना सांगितले होते की त्या घरी नको. आम्ही ओट्यावर ताट धरून उभे होतो. गाण्याचा आवाज उताराखाली बारीक होत गेला. २०२० साली महामारीमुळे पथकेच निघाली नाहीत. अशी सलग दोन वर्षे आमच्या ओट्यावर नाताळगीत झाले नाही.

त्या दोन वर्षांत आम्ही एक काम केले. घर आम्हांस ओळखीचे होते, म्हणूनच ते आम्हांस दिसत नव्हते. एके रात्री आम्ही फाटकाबाहेर गेलो, बॅटरी विझवली, आणि जणू प्रथमच येत आहोत असे वर चालत आलो. मग गुडघ्यांवर वाकून, आठ वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून, पुन्हा तीच वाट चाललो. त्या चाळीस पावलांत जे दिसले, ते आमच्या तोपर्यंतच्या साऱ्या आयुष्यात दिसले नव्हते. पावसाळ्यातले शेवाळ पायऱ्यांवर अजून होते. विहिरीचा कठडा एका बाजूस मुलाच्या मांडीएवढाच होता. कपडे वाळवण्याची तार मोठ्या माणसाच्या डोक्यावरून जात होती, परंतु ताऱ्याची काठी घेऊन धावणाऱ्या पोराच्या बरोबर गळ्याशी येईल इतकी एका टोकास सैल झाली होती. जळाऊ लाकडांचा ढीग वाटेला चिकटून होता, आणि अशा ढिगातच उंदीर व त्यांच्या मागे साप येतात.

मग आम्ही एकेक दुरुस्त करीत गेलो. त्यात खर्च थोडाच झाला, आणि ज्यांच्या घरी अशी वाट आहे त्यांस उपयोग होईल म्हणून सांगतो. शेवाळ खरवडून काढले, आणि प्रत्येक पायरीच्या कडेस चुन्याचा बोटभर रुंद पट्टा ओढला. अंधारात चुना दुरून दिसतो, आणि पाऊल चुकत नाही. विहिरीचा कठडा छातीएवढा बांधून वर जाळी बसवली. लाकडे घराच्या मागे नेली. कपड्यांची तार डिसेंबरभर सोडून ठेवतो. मोतीस लस टोचली, आणि पाहुणे येण्याच्या रात्री त्यास मागल्या पडवीत दार लावून ठेवू लागलो. वाटेवर बांधलेला कुत्रा मोकळ्या कुत्र्याहूनही अधिक बिथरतो, कारण त्यास पळून जाता येत नाही.

विजेचे व विस्तवाचे तसेच. दवाने ओल्या झालेल्या अंगणात जोडतारांचे तुकडे टाकून तारा उजळण्याची आपल्याकडे हौस आहे. आम्ही मुख्य फळीवर गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारे, ३० मिलिअँपिअरचे यंत्र बसवून घेतले. शेताच्या कुंपणास रानडुकरांसाठी सरळ घरची वीज जोडणारे लोक अजून आहेत. ते बेकायदा तर आहेच, पण त्या तारेला डुक्कर आणि बालक यांतला भेद कळत नाही. गव्हाणीतल्या गवताजवळ आता आम्ही मेणबत्ती लावीत नाही, बॅटरीचा दिवा लावतो. नाताळबाबाच्या कापसाच्या दाढीस ठिणगी लागली, तर ती क्षणात पेटते. म्हणून त्यास आम्ही ज्योतीपासून दूर उभे करतो. कोणाच्या कपड्यास आग लागलीच, तर त्याला पळू न देता खाली पाडून लोळवावे, आणि भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट, तूप काहीही लावू नये.

खाऊविषयी एवढेच, की प्रौढांसाठी रमात मुरविलेला केक व घरची वाइन मुलांच्या ताटाजवळ ठेवू नये, आणि पाच वर्षांखालच्या बालकांस अख्खे शेंगदाणे वा काजू देऊ नयेत, ते घशात अडकतात.

रस्त्याचे काम मात्र एकट्या घराचे नव्हे. आमच्या महामार्गावरून रात्री गोव्याकडे जाणाऱ्या लॉऱ्यांची रांग लागते, आणि काळ्या कोटातले पोर चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. २०२१ च्या डिसेंबरपूर्वी आम्ही मुलांच्या आईबापांकडे एकेका घरी गेलो. झाले ते सांगितले, काय काय दुरुस्त केले तेही सांगितले, आणि विनंती केली की येऊन वाट पाहून जा. काही आले. त्या बैठकीतच ठरले की प्रत्येक मुलाच्या पाठीवर चमकती पट्टी असावी, जिथे पायवाट नाही तिथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने एका रांगेत चालावे, पायांत बूट असावे, पुढे एक मोठे माणूस आणि शेवटच्या मुलाच्या मागे एक मोठे माणूस असावे, आणि प्रत्येक फाटकातून निघताना मुले मोजावीत. कोणास साप चावला, तर कापू नये, आवळून बांधू नये, अवयव हलू न देता दवाखान्यात न्यावे, हेही सर्वांस सांगितले. १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते. परंतु आमच्या कित्येक वाड्यांत फोन लागत नाही, म्हणून कोणाच्या घरी वाहन आहे हे आधीच ठाऊक असावे.

आणि टोरोंटोचा तो संकेत आम्ही त्या २०२४ सालीच उचलला. फाटकावरचा दिवा लागलेला असेल, तर समजावे की घरच्या माणसांनी आज संध्याकाळी वाट चालून पाहिली आहे, कुत्रा आत आहे, मुलांनी यावे. घरात आजारपण असेल, वाट नीट नसेल, तर दिवा लावू नये. त्यात कमीपणा नाही. मुले दुरूनच गाऊन पुढे जातील. नुसते दार उघडे ठेवणे म्हणजे आतिथ्य, असे आम्ही पूर्वी समजत होतो. आता वाटते की आतिथ्य फाटकापासून सुरू होते, आणि पाहुणा येण्यापूर्वी यजमानाने ती वाट स्वतः, पाहुण्याच्या पावलांनी, एकदा चालावी लागते.

बेथलेहेमात एका कुटुंबास रात्री दारोदार फिरावे लागले, ही कथा आपण दरवर्षी मुलांस सांगतो. त्या गावची माणसे सारीच दुष्ट नसतील. त्यांची घरे भरलेली होती, आणि त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. आमचेही लक्ष नेवऱ्यांकडे होते.

२०२१ साली तारा पुन्हा आमच्या वाटेने वर आला. मोती २०२२ साली म्हातारपणाने गेला. आता घरात त्याच्या जागी दुसरा कुत्रा आहे, आणि त्याच्या लसीचा कागद पडवीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. २०२४ च्या डिसेंबरात पथक आले तेव्हा आम्ही ओट्यावरून पाहत होतो. फाटकावर दिवा होता. मुले चुन्याच्या पट्ट्यांवरून एकेक पाऊल टाकीत वर येत होती. सर्वांत मागे, हातात मोठी बॅटरी घेऊन, चौदा वर्षांची एक मुलगी उभी होती. पथकातल्या मोठ्या माणसासोबत शेवटी चालण्याचे काम तिने मागून घेतले होते. एक लहानगा चपलेशी अडखळून वाकला. ती थांबली, त्याच्या पायावर उजेड धरला, आणि त्याची चप्पल बसेपर्यंत तशीच उभी राहिली.

गाणे संपले. मुले नेवऱ्या खाऊ लागली. ती पडवीच्या दाराशी गेली, भिंतीवरचा कागद उजेडात वाचला, तारीख पाहिली, आणि काही न बोलता परत येऊन ताटातली एक नेवरी उचलली.

या वेळी ती तिने खाल्ली.

प्रिय वाचकहो, डिसेंबर उंबरठ्यावर आहे. एका संध्याकाळी अर्धा तास काढा, आपल्या फाटकाबाहेर जा, आणि एखाद्या लेकराच्या उंचीवरून आपल्या घरी या. मग दिवा लावा.